जे झाकलं जाणार आहे ते आधी बघून घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात घरांची पुरवणी येते ती मी न चुकता वाचतो. साईटवर सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं, आधी पुण्यात आणि आता इकडे कराड-पाटण भागात, त्यामुळे आमच्या धंद्यातलं काही छापून आलं की आधी तेच पान उघडतो. पुरवणीत काय असतं तर क्लबहाऊस, स्विमिंग पूल, मॉड्युलर किचन, कुठल्या एरियात रेट किती झाला, होम लोनचा व्याजदर. लोकांना हे हवं असतं, तुम्ही छापता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घर पन्नास वर्षं उभं राहणार की दहाव्या वर्षी बीमखालून सळई दिसायला लागणार, त्या घरात लहान पोरांचा खोकला हटणार की वाढणार, हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यातली एकही त्या पानावर येत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, पण जमलं तर सगळं छापा.

माझं म्हणणं एकच आहे. घर टिकतं ते त्यातल्या सगळ्यात स्वस्त कामांवर, आणि ती सगळी कामं नंतर झाकली जातात. पाणी किती घातलं, सळईखाली कव्हर ब्लॉक (सळई प्लेटपासून वर धरणारे छोटे ठोकळे) होते का, स्लॅबवर किती दिवस पाणी मारलं, पाया कुठल्या थरावर टेकला, बाथरूमची फरशी बसवायच्या आधी पाणी भरून बघितलं का. ह्यातलं काहीच वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना दिसत नाही. दिसतं ते पीओपी, टाईल्स, स्टीलची रेलिंग, मोठं गेट. आणि आमच्याकडे माणूस गेटला लाखभर रुपये घालतो पण कव्हर ब्लॉकची एक पिशवी आणा म्हटलं की मिस्त्री म्हणतो खडी ठेवू की सळईखाली, आणि मालकाला त्यात काही वावगं वाटत नाही कारण त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. मालक चुकतो असं मी म्हणत नाही, शेत विकून, सोनं ठेवून, लोन काढून माणूस आयुष्यात एकदाच घर बांधतो, त्याला काय माहीत असणार. सांगायचं काम आमचं आणि तुमच्यासारख्या पेपरचं आहे.

आधी स्लॅबच्या दिवसाचं सांगतो. सकाळी नारळ फुटतो, पेढे वाटतात, मिक्सर सुरू होतो, आणि तासाभरात कोणीतरी ओरडतं की माल (कालवलेलं काँक्रीट) पळत नाही, पाणी वाढव. बादली ओतली जाते, माल पातळ होतो, घमेली पटापट रिकामी होतात, सगळे खूश. पण पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ धरलं तर ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी बसतं, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी पण ह्यातच मोजायचं असतं. त्यापेक्षा जास्त घातलेलं पाणी सिमेंट वापरतच नाही, ते पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात, डोळ्याला दिसणार नाहीत अशा. पावसाचं पाणी, हवा, समुद्राकडची खारी हवा सगळं ह्याच पोकळ्यांतून आत जातं. म्हणजे घरमालकाने सिमेंट भारीतलं आणलं, सळई नामांकित कंपनीची आणली, आणि त्या एका बादलीने त्याची निम्मी ताकद घालवली. माल सरकत नसेल तर त्याला व्हायब्रेटर आहे (माल हलवून बसवणारं मशीन), प्लास्टिसायझर मिळतं (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन), खडी-वाळूचं प्रमाण बघता येतं. रेडीमिक्स, म्हणजे गाडीने येणारं तयार काँक्रीट, आलं म्हणून हा प्रश्न सुटला असंही नाही, गाडी ट्रॅफिकमधे अडकली की माल घट्ट होतो आणि साईटवर ड्रमात पाणी सोडलं जातं. माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे हा नियम आहे, गाडीबरोबर येणाऱ्या डिलिव्हरी चलनावर वेळ छापलेली असते, ती वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आता क्युरिंग, म्हणजे ओतलेलं काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं. ह्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते महाराष्ट्रातल्या घरांचं सगळ्यात जास्त नुकसान ह्या एका गोष्टीने होतं. लोकांना वाटतं सिमेंट वाळलं की कडक होतं. ते वाळून कडक होत नाही, पाण्याबरोबर त्याची प्रक्रिया चालू असते तोवर ते ताकद धरत असतं, आणि वरचा थर सुकला की तिथली प्रक्रिया तिथेच थांबते. नंतर कितीही पाणी मारा, गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. काँक्रीटच्या आपल्या भारतीय कोडमधे, म्हणजे आयएस ४५६ मधे, साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या गरम हवेत कमीत कमी १० दिवस ओलं ठेवा आणि शक्यतो १४ दिवस ठेवा असं सांगितलंय. आता गंमत नाही, खरंच लक्ष द्या, घरबांधणीसाठी दुकानात मिळणारी बहुतेक गोणी आता पीपीसीची असते, म्हणजे फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) घातलेलं मिश्र सिमेंट. ते सिमेंट वाईट अजिबात नाही, उलट पुढे जाऊन चांगलं घट्ट होतं, पण ते हळू ताकद धरतं आणि त्याला पाणी जास्त दिवस लागतं. आमच्या जुन्या मिस्त्रींच्या डोक्यात सात दिवस बसलेत ते ओपीसीच्या काळातले, आणि प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या दिवशी पाईप गुंडाळला जातो कारण टँकर महाग असतो, कामगार दुसऱ्या साईटवर गेलेला असतो, आणि बांधकामाचा सीझन म्हणजे मार्च ते मे. त्याच उन्हात दुपारी स्लॅब भट्टीसारखा तापलेला असतो आणि सकाळी मारलेलं पाणी दहाच्या आत उडून गेलेलं असतं.

स्लॅबवर निदान मातीचे किंवा मालाचे बांध घालून पाणी साठवायची पद्धत आहे, वाफ्यात पाणी धरतो तशी, त्यामुळे स्लॅबचं कसंबसं निभावतं. मार खातात ते कॉलम. उभ्या कॉलमवर पाणी थांबत नाही, पाईपने शिंपडलं की दहा मिनिटांत खाली. त्याला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवावं लागतं, दिवसातून चार-पाच वेळा. सगळं घर ज्याच्यावर उभं त्याच कॉलमला सगळ्यात कमी पाणी मिळतं हे मी साईटमागून साईटवर बघत आलोय. घर बांधणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, दुसरं काही जमलं नाही तरी घरातल्या एका माणसाला चौदा दिवस फक्त पाण्याची ड्युटी द्या. आजोबा असतील, कॉलेजला जाणारी मुलगी असेल, कोणीही. एवढ्या कमी खर्चात घराचं आयुष्य इतकं वाढवणारं दुसरं कुठलंच काम साईटवर नाही.

सेंट्रिंग, म्हणजे माल ओतताना खालून दिलेला प्लेटा-टेकूंचा आधार, तो काढायची घाई पण अशीच. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसरीकडे लावायच्या असतात, तो रोज फोन करतो. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि त्याहून लांब बीमला २१ दिवस हलवायचे नाहीत, आणि पीपीसी असेल तर त्याहून थोडे वाढवायचे. हे कागदावर लिहून त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या, नंतर भांडण नको.

कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर काँक्रीटचं जे आवरण असतं ते. कोरड्या ठिकाणी स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४० मिमी, आणि कोकण किनाऱ्यासारख्या खाऱ्या हवेत ४५ मिमी आणि काँक्रीट पण किमान एम ३० ताकदीचं. काँक्रीट अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) असतं म्हणून आतल्या सळईवर एक संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साईड हळूहळू आत शिरून तो अल्कधर्मीपणा कमी करत जातो, आणि ही लाट सळईपर्यंत पोचली आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंजलेली सळई फुगते, मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागते, आणि काँक्रीट आतून ढकलून फोडते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग, मग पोपडे, मग खपला पडून लाल सळई. लोक त्यावर पुट्टी भरून रंग मारतात आणि आत गंज चालूच. कव्हर जाड आणि घट्ट असेल तर ह्या सगळ्याला पन्नास-साठ वर्षं लागू शकतात, आणि सळई थेट सेंट्रिंगच्या प्लेटवर टेकलेली असेल तर पाच-सात वर्षं पुरतात. फरक किती पैशांचा म्हणाल तर अख्ख्या घराच्या कव्हर ब्लॉकचा खर्च एका बऱ्या नळाइतका पण नसतो.

हे मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली, ती इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. त्याआधी ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाऊंडमधली इमारत तर बांधता बांधताच पडली, ७४ माणसं मेली, त्यात कामगारांची पोरं होती. विरारला ऑगस्ट २०२५ मधे रमाबाई अपार्टमेंट पडलं, १७ गेले, इमारत २०१२ च्या सुमाराची. आणि बेकायदा बांधकामालाच हे होतं असं समजू नका, गुरुग्राममधे चिंटल्स पॅराडिसो नावाच्या महागड्या सोसायटीत फेब्रुवारी २०२२ मधे वरच्या मजल्याचा भाग खाली कोसळत आला, दोन जणी दगावल्या, नंतर आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमधे क्लोराईड म्हणजे मीठ जास्त सापडलं. पाणी खारं, वाळू खारी, असंच मीठ आत शिरतं. आपल्याकडे खाडीची वाळू वापरणारे आहेत आणि कुठल्याही बोअरचं पाणी काँक्रीटला चालतं असं समजणारे तर सगळीकडे. साधारण प्यायला चालेल असंच पाणी काँक्रीटला चालतं, आणि शंका असेल तर लॅबमधे तपासून मिळतं.

आमच्या भागात भूकंपाचं पण बघावं लागतं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण सांगणारी माणसं पाटण तालुक्यात अजून आहेत. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे जे झालं त्यात माणसं मेली ती जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद अंगावर आल्यामुळे. त्यानंतर सगळ्यांच्या मनात बसलं की आरसीसी म्हणजे सुरक्षित. पण २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादला, दोनशे किलोमीटरहून लांब, नव्या आरसीसी इमारती पडल्याच की. आरसीसी असून भागत नाही, कॉलमच्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांचे हूक १३५ अंशात वळवून आत काँक्रीटमधे गेले पाहिजेत. फिटरला ते वळवायला त्रास होतो म्हणून तो नव्वद अंशात वळवून सोडतो, आणि हादरा बसला की तीच रिंग उघडते. रिंगा कॉलम-बीमच्या जोडाजवळ जवळजवळ लागतात, तिथेच फिटरचा हात जात नाही म्हणून कमी टाकल्या जातात. माल ओतायच्या आदल्या संध्याकाळी मालकाने मोबाईलने सगळ्या जोडांचे फोटो काढून ठेवावेत आणि ते डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरला पाठवावेत, मी ओळखीच्या सगळ्यांना हेच सांगतो. फोटो निघणार आहेत हे कळलं की फिटरचं काम आपोआप सुधारतं.

पायाबद्दल थोडक्यात. काळ्या मातीत, म्हणजे सोलापूर, मराठवाडा, विदर्भाचा बराच भाग आणि आमच्याकडे नदीकाठ, माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर वरच्यावर पाया टेकवला तर भिंतीला कोपऱ्यातून तिरक्या भेगा जाणार म्हणजे जाणार, मग त्यात कितीही क्रॅकफिल भरा. पाया खाली घट्ट मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला पाहिजे, आणि फुगणारी माती काढून मुरूम भरून दाबून घेतला पाहिजे. आणि २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी कराड-सांगली-कोल्हापूरला बघितलेत त्यांनी तरी जोत्याची उंची शेजाऱ्याच्या घराला बघून ठरवू नये, पूररेषा कुठे आहे ते नगरपालिकेत जाऊन बघावं. घरात चार दिवस उभं राहिलेलं पाणी विटांमधे आणि प्लास्टरमधे जी ओल सोडून जातं ती दोन-दोन वर्षं हटत नाही.

ओलीवरून कोकणाचं आठवलं. कोकणातल्या जुन्या घरांना उतरतं छप्पर होतं, पुढे आलेली वळचण होती, पडवी होती, भिंतीवर पाऊस थेट बसतच नव्हता. आता तिथे सपाट स्लॅब टाकतात, छज्जा वीतभर, बाहेरची भिंत चार महिने नुसती भिजते, आणि चार-पाच वर्षांत स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड. म्हणजे छप्पर दोनदा केलं आणि पैसे दोनदा गेले. जिथे अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो तिथे उतरतं छप्पर आणि दोन-अडीच फूट बाहेर आलेली कड हीच अक्कल आहे, ती आपल्या आज्या-पणज्यांकडे होती. विदर्भात ह्याच्या उलट, तिथे वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर घरात उष्णता सोडतो. गच्चीवर चायना मोझॅक (पांढऱ्या टाईलचे तुकडे) किंवा दरवर्षी चुन्याचे दोन हात मारले तरी खालच्या खोलीत जाणवण्याइतका फरक पडतो. सगळ्या महाराष्ट्राला एकच नकाशा आणि एकच एलिव्हेशन इंटरनेटवरून काढून चालत नाही.

बाथरूमचं एक सांगायचं राहिलं, फ्लॅटवाल्यांची निम्मी भांडणं ह्यावरूनच असतात. वॉटरप्रूफिंग झाल्यावर आणि टाईल बसवायच्या आधी नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममधे पाणी भरायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून बघायचं. फुकटची टेस्ट आहे. टाईल बसल्यावर गळती शोधणं म्हणजे फोडाफोड, धूळ, आणि वरच्या-खालच्या मजल्यांचं आयुष्यभराचं वैर.

आता तब्येतीचं. आपण घर बघताना वास्तू बघतो, दिशा बघतो, श्रद्धा आहे तर जरूर बघावं, पण त्याबरोबर खोलीत ऊन किती वाजता येतं आणि वारा एका खिडकीतून येऊन दुसरीकडून बाहेर जातो का हेही बघा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे दमट-उष्ण हवेच्या ठिकाणी खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या फरशीच्या एक षष्ठांश तरी पाहिजे, कोरड्या ठिकाणी एक दशांश. दहा बाय बाराच्या खोलीला मुंबई-कोकणात वीस चौरस फूट खिडकी झाली, म्हणजे चार बाय पाच. बसवतात किती आणि कसली तर स्लायडिंग, जी एका वेळी अर्धीच उघडते. तीच खिडकी बाहेर उघडणाऱ्या झडपांची केली तर तेवढ्याच भोकातून जवळजवळ दुप्पट हवा येते. आणि बाथरूमची, किचनची खिडकी ज्या डक्टमधे (इमारतीतल्या पाईपांच्या उभ्या पोकळीत) उघडते त्या डक्टमधे हात घालून बघा एकदा, वारा लागतो का.

मुंबईत मानखुर्द-गोवंडीला लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड अशा पुनर्वसनाच्या इमारती आहेत, एकमेकीला इतक्या चिकटून की मधे ऊन उतरत नाही. डॉक्टर्स फॉर यू ह्या संस्थेने तिथे केलेला अभ्यास २०१८ मधे पुढे आला, त्यात उजेड-हवेचा अभाव आणि तिथलं टीबीचं जास्त प्रमाण ह्यांचा संबंध दाखवला होता. टीबीचा जंतू हवेतून पसरतो, कोंडलेल्या अंधाऱ्या खोलीत तो टिकतो आणि ऊन-वाऱ्याने मरतो-पांगतो, हे डॉक्टरांना शंभर वर्षं माहीत आहे. झोपडीतून माणसाला काढून पक्क्या इमारतीत नेलं, कागदावर घर दिलं, आणि त्याच घरात त्याला आजार मिळाला. ह्या गोष्टीची मला खरंच चीड येते. ज्याने नकाशा पास केला त्याने एकदा तरी तिथल्या पहिल्या मजल्यावर दुपारी बारा वाजता बसून बघायला पाहिजे होतं, लाईट न लावता.

ओल आणि बुरशीचं पण तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मधे घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर मार्गदर्शक पुस्तिकाच काढली होती, ओलसर घरात राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाचे त्रास जास्त होतात हे त्यात स्पष्ट आहे. कपाटामागची काळी बुरशी फडक्याने पुसून जात नाही, पाणी कुठून येतंय ते बंद करावं लागतं. आणि भिंत आतून ओली असताना वर प्लॅस्टिक पेंट मारला तर ती ओल आत कोंडते, दोन महिन्यांत फुगे येतात. नव्या घराला घाईघाईने मुहूर्तासाठी रंग देतात तेव्हा नेमकं हेच होतं, प्लास्टर सुकलेलंच नसतं. एक उन्हाळा भिंतींना सुकायला द्या, नाहीतर पहिली दोन वर्षं साधा चुन्याचा हात मारा, चुन्यातून ओल बाहेर जाते. लहान मुलं असतील तर ऑईलपेंट घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखात ९० भागांच्या) आत लिहिलंय का ते वाचा, तो नियम २०१६ चा आहे आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुट्टा, लेबल नसलेला रंग खिडकीच्या ग्रीलला मारू नका, रांगणारं मूल तीच ग्रील तोंडात घालतं.

कायद्याबद्दल लोकांना अर्धवट माहीत असतं म्हणून लिहितो. रेरा, म्हणजे घरबांधणी प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ च्या पोटकलम ३ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींमधे दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. गळती ह्यात आली, भेगा आल्या. पण लोक पाच वर्षं बिल्डरच्या ऑफिसला तोंडी सांगत राहतात, तो सिलिकॉन भरून पाठवतो, आणि सहाव्या वर्षी कागद शोधतात. पहिल्याच पावसाळ्यात फोटो काढा, तारीख घाला, ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा.

खरी अडचण पुढे आहे. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा फ्लॅट आठच्या वर नसतील तर त्या प्रोजेक्टला रेराची नोंदणीच लागत नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात जी अपार्टमेंट उभी राहतात त्यातली बरीचशी अशीच, सहा फ्लॅट, आठ फ्लॅट. आणि स्वतःच्या जागेत बांधलेल्या घराला तर कोणीच बघणारं नाही. नगरपालिका किंवा ग्रामपंचायत मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) बघते, मजले बघते, काँक्रीट कोणी बघत नाही. म्हणजे महाराष्ट्रातली बहुसंख्य माणसं ज्या घरांत राहतात ती घरं मिस्त्रीच्या भल्या-बुऱ्या सवयीवर उभी आहेत. मिस्त्रींना दोष देऊन उपयोग नाही, ती हुशार माणसं आहेत, पण त्यांना शिकवलं कोणी? ते उस्तादाच्या हाताखाली शिकले, उस्ताद विटा-मातीच्या काळातला होता. प्रधानमंत्री आवास ग्रामीणमधे गवंड्यांना ट्रेनिंग द्यायची तरतूद आहे, ते ट्रेनिंग घेतलेले मिस्त्री मी बघितलेत, फरक दिसतो. हे प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमधे कायमचं चालू ठेवा, रोज बुडतो म्हणून त्या दिवसांची मजुरी द्या, आणि पास झालेल्यांची यादी पंचायत समितीच्या बोर्डावर लावा.

त्याच घरकुल योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपयांचं आहे, घर किमान २५ चौरस मीटरचं, आणि हप्ता सोडायच्या आधी टप्प्याटप्प्याचे जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो अपलोड करावे लागतात. म्हणजे यंत्रणा तयार आहे, माणूस मोबाईल घेऊन साईटवर जातोच आहे. माझी मागणी एवढीच की त्यात अजून दोन फोटो वाढवा, एक माल ओतायच्या आधी कव्हर ब्लॉकसकट सळईचा आणि एक दहाव्या दिवशी पाणी साठवलेल्या स्लॅबचा. आणि हप्ता वेळेवर सोडा, कारण पैसे अडकले की माणूस सगळ्यात आधी पाण्याच्या टँकरवर आणि सिमेंटवर काटकसर करतो, त्याचाही नाईलाज असतो.

बँकांनाही हेच सांगणं आहे. होम लोन टप्प्याटप्प्याने मिळतं, बँकेचा इंजिनिअर येऊन काम किती टक्के झालं ते लिहून जातो. घर वीस वर्षं तुमच्याकडे गहाण आहे तर ते वीस वर्षं टिकेल का हे तुम्हालाच आधी कळायला नको का? हप्ता सोडताना क्यूब टेस्टचा रिपोर्ट मागा. १५० मिमीचे काँक्रीटचे ठोकळे स्लॅबच्या दिवशी त्याच मालातून भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी दाबून बघायचे. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निकच्या लॅबमधे हे होतं, घराच्या खर्चात ते पैसे दिसणारही नाहीत. आणि आपलेच ठोकळे उद्या मशीनखाली जाणार हे माहीत असलं की स्लॅबच्या दिवशी ती पाण्याची बादली आपोआप लांब राहते.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. पुरवणीच्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला घर बांधणाऱ्या वाचकाचा एक प्रश्न आणि त्याला आमच्या भागातल्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं साध्या मराठीतलं उत्तर छापा. सुरुवात फेब्रुवारीत करा, उन्हाळ्यातले स्लॅब टाकायच्या आधी, आणि पहिला प्रश्न क्युरिंगचाच घ्या. मिस्त्रींच्या नाक्यावर तो पेपर चिकटवायचं काम आम्ही इथली साईटवरची पोरं करू.

आपला,
एक सुपरवायझर, कराड